सशांचं पेलेट खाद्य: लेबलवर नक्की काय बघायचं? (पुणे)

लांबकान

घरात दोन ससे. मादी सव्वा वर्षाची, वजन २.२ किलो. नर चार महिन्यांचा, १.४ किलो. रात्री पिंजरे वेगळे, दिवसा हॉलमध्ये दोघं एकत्र मोकळे. पाला रोज असतो. वाळलं गवतही ठेवलेलं असतं, पण त्याला तोंड कमी लागतं, कारण पेलेटची वाटी कायम भरलेली. पावसाळा लागायच्या आत खाद्य एकदाचं ठरवून टाकायचं आहे. दुकानांतून तीन पर्याय हाती आले. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, लेबल तेवढं उतरवून देतो.

अ) आयात केलेलं, १ किलोचं बंद पाकीट. पहिला घटक टिमथी गवत. प्रोटीन किमान १३ टक्के, फॅट किमान २.५, क्रूड फायबर किमान २३, राख (म्हणजे खनिजं) कमाल ८, ओलावा कमाल १०, कॅल्शियम ०.६. उत्पादन मागच्या ऑगस्टचं, मुदत पुढच्या जानेवारीपर्यंत. तिघांत सगळ्यात महाग.

ब) देशी, १ किलोचं पाकीट. पहिला घटक वाळवलेलं लसूणघास, मग गव्हाचा कोंडा, सोयापेंड. प्रोटीन १७, फॅट ३, फायबर १६, राख ९, ओलावा ११, कॅल्शियम १.१. उत्पादन यंदाच्या एप्रिलचं.

क) पोत्यातून सुट्टं. रंगाने हिरवंगार. दुकानदाराने पोत्याची चिठ्ठी दाखवली: मका, सोयापेंड, तेल काढलेला भाताचा कोंडा, मोलॅसिस, कॅल्साइट. प्रोटीन १८, फॅट ३, फायबर ८, राख ८, ओलावा ११. तारीख चिठ्ठीच्या फाटलेल्या भागात गेली. अ च्या पाव किमतीत.

विचारायचं ते असं: दोघांना एकच खाद्य चालेल का? चालेल तर कुठलं? कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर सशांना चालतं असं दुकानात ठामपणे सांगितलं गेलं, ते कितपत खरं? आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे साठवायचं कसं?

चारापाणी

लेबल पूर्ण दिलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसता पाकिटाचा फोटो टाकून "हे चांगलं आहे का" विचारतात, आणि फोटोत सशाचं चित्र सोडून काही वाचता येत नाही.

आधी क बाजूला ठेवा. ते वाईट खाद्य आहे असं नाही, ते वेगळ्या कामाचं खाद्य आहे. मांसासाठी वाढवायचा ससा साधारण १२ आठवड्यांत २ किलोच्या आसपास न्यायचा असतो. त्याला मका आणि सोयापेंड घालून ऊर्जा आणि प्रोटीन दाबून देतात. तुमची मादी आठ-दहा वर्षं जगावी अशी अपेक्षा आहे. तिला ८ टक्के फायबरचं खाद्य म्हणजे जवळजवळ धान्यच. सशाचं पचन मोठ्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे सीकममध्ये, जंतूंच्या भरवशावर चालतं. मक्याचा स्टार्च लहान आतड्यात पूर्ण पचला नाही की उरलेला सीकममध्ये उतरतो, तिथली आम्लता बदलते आणि क्लॉस्ट्रिडियमसारखे नको ते जंतू माजतात. लहान पिल्लांत यातून एका रात्रीत जुलाब लागून मृत्यू येऊ शकतो. मोठ्यांत चरबी चढते, ससा एरवी ज्या मऊ लेंड्या स्वतःच परत खातो त्या तशाच पडून राहतात आणि गवत सुटतं.

आता आकडे कसे वाचायचे ते. "किमान" आणि "कमाल" हे शब्द सोडू नका. फायबर किमान २३ म्हणजे पाकिटात २३ किंवा त्याहून जास्त. ओलावा कमाल १० म्हणजे १० किंवा कमी. पूर्ण वाढलेल्या, घरात बसणाऱ्या सशासाठी फायबर १८ च्या वर, शक्यतो २० ते २५, प्रोटीन १२ ते १४, फॅट ३ च्या आसपास किंवा कमी, कॅल्शियम ०.५ ते १ टक्का. वाढत्या पिल्लाला प्रोटीन १६ ते १८ चालतं, कॅल्शियमही थोडं वर चालतं, पण त्यालाही फायबर १५ च्या खाली नको.

लेबलवर स्टार्च छापत नाहीत. ढोबळ अंदाज काढायचा तर शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, राख आणि ओलावा वजा करा. अ मध्ये ४३.५ उरतात, ब मध्ये ४४, क मध्ये ५२. इथे एक फसगत आहे. अ आणि ब चा उरलेला आकडा सारखाच दिसतो, म्हणून दोन्ही सारखे असं वाटेल. तसं नाही. या उरलेल्यात स्टार्च असतो, साखर असते, आणि क्रूड फायबरच्या चाचणीत न सापडणारा पेक्टिन, हेमिसेल्युलोज असा तंतूही असतो. गवत पहिलं असलेल्या पाकिटात हा तंतूचा वाटा मोठा, मका पहिला असलेल्यात स्टार्चचा. म्हणून आकडा आणि घटकांची यादी दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं. यादी बहुतेक ठिकाणी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या क्रमांकावर गवत किंवा लसूणघास हवं. मोलॅसिस थोडं असलं तर घाबरू नका, गोळी बांधायला दोन-तीन टक्के घालतात. पहिल्या तीनांत मोलॅसिस, मका किंवा "धान्य उपपदार्थ" असं मोघम काही दिसलं तर पाकीट परत फडताळात ठेवा.

उलटी चलाखीही चालते. भाताचं तूस दळून घातलं की क्रूड फायबरचा आकडा छान वाढतो, पण तुसात सिलिका आणि लिग्निनच जास्त. आकडा २२, घटकांत गवताचा पत्ताच नाही, असं असेल तर तो फायबर कुठून आला ते विचारा.

हिरव्या रंगावर जाऊ नका. पेलेट बनवताना वाफेची उष्णता लागते, त्यात चांगल्या गवताचाही रंग थोडा तपकिरीकडे जातोच. मका पहिला घटक असलेलं खाद्य पोपटी दिसत असेल तर तो रंग घातलेला आहे.

घरी करायच्या दोन तपासण्या. पहिली चाळणीची: १०० ग्रॅम पेलेट पिठाच्या चाळणीतून हलवा. खाली ५ ग्रॅमपेक्षा जास्त भुगा पडला तर माल जुना किंवा हाताळणीत मोडलेला. भुगा ससे खात नाहीत आणि तो नाकात जाऊन शिंका येतात. दुसरी पाण्याची: १० ग्रॅम पेलेट काचेच्या ग्लासात, कोमट पाणी, तासभर. गोळ्या फुगून सुटल्या पाहिजेत. सुटल्यावर बोटाने चोळून बघा, तंतू लागतात की नुसतं पीठ. तळाला काय बसतं तेही बघा.

पेलेटची जाडी ३ ते ४ मिलिमीटर, लांबी सेंटिमीटरभर. रंगीत तुकडे, सूर्यफुलाच्या बिया, वाटाणा, मक्याच्या लाह्या असलेलं मिश्रण घेऊच नका. ससा गोड आणि तेलकट तेवढं वेचून खातो, गवताची गोळी वाटीत उरते, आणि छापलेले आकडे त्याच्या पोटात गेलेल्या खाद्याला लागू राहत नाहीत. एडिंबरा विद्यापीठात मिश्रण आणि एकसारखे पेलेट यांची तुलना झाली, त्यात मिश्रण खाणाऱ्या सशांत लठ्ठपणा आणि दातांच्या तक्रारी जास्त दिसल्या.

तारखेबद्दल. बंद पाकिटावर उत्पादनाचा महिना-वर्ष, निव्वळ वजन, किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वजनमाप कायद्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आयात मालावर हे बहुधा वेगळ्या स्टिकरवर असतं. स्टिकर नसेल, किंवा मूळ तारखेवरच चिकटवलेलं असेल, तर घेऊ नका. मुदत संपलेली नसणं आणि ताजं असणं यात फरक आहे: अ जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व महिन्या-महिन्याने कमी होत जातात. उत्पादनापासून सहा महिन्यांच्या आतलं मिळालं तर उत्तम. तुमचं अ दहा महिन्यांचं आहे. रोजचा पाला असल्याने अ जीवनसत्त्वाची भरपाई होते, म्हणून बाद करत नाही, पण दुकानदाराला नवा बॅच मागा.

निकाल: मादीला अ, नराला ब.

शिवाजीनगरी

चारापाणींनी सगळं खाद्याच्या बाजूने लिहिलं आहे, मी औषधाच्या बाजूने लिहिते, कारण सगळ्यात धोक्याचा प्रश्न तिसरा आहे.

कोंबडीचं स्टार्टर किंवा ग्रोअर सशाला अजिबात नाही. फायबर कमी हे एक कारण. खरं कारण त्यात मिसळलेली कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींवरची औषधं (कॉक्सिडिओस्टॅट). सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, नारासिन, मदुरामायसिन ही नावं पोत्यावर बारीक अक्षरांत असतात, काही वेळा नसतातही. कोंबडी त्या मात्रेला तग धरते. सशात यांची सुरक्षित आणि विषारी मात्रा एकमेकींच्या फार जवळ आहेत. हृदयाच्या आणि अंगाच्या स्नायूंवर परिणाम होतो: खाणं थांबतं, मागचे पाय लुळे पडतात, मान टाकली जाते. उतारा नाही.

इथूनच पुढचा प्रश्न निघतो, जो तुम्ही विचारला नाहीत. सशाचं खाद्य ज्या गिरणीत बनतं तिथे त्याच मिक्सरमध्ये आधी कोंबडीचं औषधी खाद्य बनलं असेल तर अवशेष पुढच्या घाण्यात उतरतात. म्हणून देशी माल घेताना कंपनीला फोन करून दोनच गोष्टी विचारा: या खाद्यात कुठलंही कॉक्सिडिओस्टॅट किंवा अँटिबायोटिक आहे का, आणि ही लाइन वेगळी आहे की कोंबडी खाद्याचीच? "आमचं सगळं नैसर्गिक आहे" हे उत्तर धरू नका.

गाईम्हशींची गोळी पेंडही नको. तिच्यात युरिया असू शकतो, सरकी पेंड असते आणि सरकीत गॉसिपॉल असतं. गाय-म्हैस रवंथ करणारी आहे, तिचं पोट हे वेगळ्या पद्धतीने हाताळतं. शिवाय सरकी आणि शेंगदाणा पेंडीत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन येण्याची शक्यता जास्त, आणि अफ्लाटॉक्सिनला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत ससा येतो. ते डोळ्यांना दिसत नाही. उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही. कुबट वास आला की पाकीट कचऱ्यात. "थोडंसंच लागलंय" म्हणून वरचं काढून खालचं वापरू नका.

याच्याच शेजारची आणखी एक गोष्ट: घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला कधीही पाजू नका. तोंडावाटे पेनिसिलिन गटातली औषधं, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांनी सीकममधले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातून जीव जाऊ शकतो.

आता प्रमाण. वाटी कायम भरलेली ठेवणं हाच गवत न खाण्यामागचा दोषी. मोठ्या सशाला किलोमागे २० ते २५ ग्रॅम रोज. तुमच्या मादीला ४५ ग्रॅम धरा, सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं. वाटीने मोजू नका. आमटीची छोटी वाटी पेलेटने भरली तर ९० ग्रॅमच्या आसपास बसतात, म्हणजे दुप्पट. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. नर वाढीत आहे, त्याला सध्या किलोमागे ५० ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. सहाव्या महिन्यापासून हळूहळू कमी करत अ वर आणायचं.

दात वरचे-खालचे आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर वाढतात. पेलेट तोंडात गेल्या गेल्या चुरतो, त्याने दाढा झिजत नाहीत. झिजतात ते गवत आडवं चघळण्याने. त्यामुळे पेलेट कितीही उत्तम असलं तरी ते मुख्य जेवण नव्हे. ताटात चार-पंचमांश वाळलं गवत, मग पाला, आणि शेवटी पेलेट.

लघवी लाल-केशरी दिसली तर बहुधा पाल्यातलं रंगद्रव्य असतं. लघवी दाट, पांढरट, वाळल्यावर खडूसारखी भुकटी उरणारी असेल तर कॅल्शियम जास्त होतंय. ससा आहारातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि जादाचं लघवीतून टाकतो. म्हणून मोठ्या मादीला ब चं १.१ टक्का रोज नको.

बारा तास खाणं बंद किंवा लेंड्या बंद झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळपर्यंत बघू असं म्हणू नका. सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आधीच काढून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक दवाखाना ससे घेतोच असं नाही.

आणि लांबकान, चार महिन्यांचा नर आणि सव्वा वर्षाची मादी दिवसा एकत्र मोकळे? तो आता वयात येतोय. आजपासून वेगळे ठेवा. सशिणीचे दिवस जेमतेम एकतीस असतात. नराचं खच्चीकरण झाल्यावरही सहा आठवडे एकत्र सोडू नका, तोवर तो पिल्लं देऊ शकतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं; उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर डॉक्टर बदला.

हडपसरची माई

पेलेटवर एवढी चर्चा बघून गंमत वाटते. गवत चांगलं असेल तर पेलेट चमचाभर पुरतो, काहींना तोही लागत नाही.

टिमथी आपल्याकडच्या हवेत येत नाही, ते बाहेरूनच येणार आणि महाग असणार. त्याच्यासाठी अडून राहू नका. मारवेल, डोंगरी गवत, ओटचं वाळलं गवत, कोवळं कापून वाळवलेलं हत्तीगवत, हे सगळं चालतं. हत्तीगवताला जाड कांडं आलेलं घेऊ नका, फुले जयवंतसारख्या वाणाचा पाला भरपूर मिळतो तो बघा. गवत हातात घेतल्यावर हिरवट, सुगंधी हवं; धूळ उडाली की नको. कडबा मोठ्या सशाला चावायला ठीक, पण त्यात पोषण फारसं नाही.

ज्वारीचा हिरवा कोवळा पाला कुणी फुकट दिला तरी आणू नका. गुरांना किराळ (विषबाधा) लागते ती यानेच.

लसूणघास चाऱ्याच्या दुकानात सहज मिळतं म्हणून लोक रोज जुडी टाकतात. मोठ्या सशाला ते नित्याचं नको. वाळल्यावर त्यात प्रोटीन १७ ते २० टक्के आणि कॅल्शियम सव्वा टक्क्याच्या पुढे. पिल्लाला चालेल. जुडीत पिवळे दोऱ्यासारखे वेल गुंडाळलेले दिसतील, ती अमरवेल, काढून टाका. फवारणी कधी झाली ते विचारा, उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

पाल्यात कोथिंबीर, मेथी, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फुलकोबीची बाहेरची पानं, आलटून पालटून. पालक आणि चुका रोज नको, ऑक्झलेट असतं. मार्केट यार्डातून आणलेला पाला दोन पाण्यांत धुऊन, झटकून, कोरडा करून द्या. गाजराचा पाला म्हणून मोकळ्या प्लॉटवरून गाजर गवत उपटून आणणारे महाभाग आहेत. पानं सारखी दिसतात, पण गाजर गवत विषारी. देशात त्याची पहिली नोंद पुण्यातच १९५५-५६ च्या सुमारास झाली होती, आणि अजून आपल्याला ते ओळखता येत नाही! फुलं पांढरी, बारीक खड्यांसारखी, आणि चुरल्यावर गाजराचा वास येत नाही.

साठवणीचं सांगते. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत ओल. पेलेट सर्दावला की आधी मऊ पडतो, मग कुबट. पाच-दहा किलो स्वस्त मिळतंय म्हणून भरून ठेवू नका. मोठीला महिन्याला १.३५ किलो, छोट्याला २.१ किलो, एवढंच लागतं. पाकीट उघडलं की सहा आठवड्यांत संपलं पाहिजे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, पेलेट त्यात ओतायचे नाहीत, मूळ पाकीट तोंड गुंडाळून तसंच डब्यात ठेवायचं. त्याने तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो आणि जुन्या भुग्यावर नवा माल पडत नाही. डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. फ्रीजमधून रोज आत-बाहेर केलं तर दव धरतं. उन्हाळ्यात पोटमाळ्यावर ठेवलं तर फॅट खवट होतं.

टोके झाले किंवा जाळी धरली तर टाकून द्या. धान्यात घालतो तशी बोरिक पावडर सशाच्या खाद्यात कुणीही घालू नये.

चारापाणी

माई, गवताबद्दल शंभर टक्के. "पेलेट लागतच नाही" याच्याशी मात्र सहमत नाही. वर्षभर एकाच प्रतीचं, नीट वाळलेलं गवत मिळणार असेल तर ठीक. इथे फेब्रुवारीत मिळतं तसं गवत ऑगस्टमध्ये मिळत नाही. पावसाळी गवत नीट न वाळताच बांधलेलं असतं, काही वेळा आतून काळं. अशा तीन-चार महिन्यांत मोजून दिलेला पेलेट जीवनसत्त्वं आणि खनिजांची उणीव भरतो. पेलेट मोजून देत असाल तर वरून कॅल्शियमचे थेंब, मिनरल मिक्श्चर किंवा चाटायची मिठाची वडी देऊ नका. ड जीवनसत्त्व जादा झालं तर मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

गिनीपिगचं खाद्य "सेमच असतं" म्हणून विकतात. ससा क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, गिनीपिगला ते खाद्यातून लागतं. गिनीपिगचं पाकीट सशाला अडीअडचणीला चाललं तरी सशाचं गिनीपिगला नाही.

लांबकान

सगळ्यांचे आभार. ससे वेगळे केले आहेत. पाण्याची तपासणी केली. अ अर्ध्या तासात सुटलं, तंतू लांब दिसले. ब चे दाणे तासाभरानेही बरेचसे अखंड. क चा पीठासारखा लगदा, तळाला पांढरट कण. कंपनी ब ला फोन केला: औषध घालत नाही म्हणाले, पण त्याच गिरणीत कोंबडीचं खाद्य होतं, "मधे साफ करतो" म्हणाले. आता ब घ्यावं का? आणि बदलायचं कसं? दोघं सध्या या तिन्हींपेक्षा वेगळंच काहीतरी खातात, तेही सुट्टंच.

चारापाणी

क च्या तळातल्या कणांवर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीची पूड. काहीच झालं नाही तर वाळू-माती. दोन्ही स्थितीत ते घ्यायचं नाहीच, पण उत्तर दुकानदाराला सांगायला बरं.

ब कडक आहे ते बांधणाऱ्या पदार्थामुळे किंवा जास्त दाबाने काढल्यामुळे असेल. एवढ्यावरून ते धोक्याचं ठरत नाही. खरा मुद्दा गिरणीचा. "साफ करतो" म्हणजे काय ते विचारा. औषधी खाद्यानंतर पहिला घाणा नुसत्या कोंड्याचा किंवा मक्याचा काढून बाजूला टाकतात का? सशाचं खाद्य आठवड्याच्या पहिल्या घाण्यात काढतात का? याची सरळ उत्तरं देणारा माणूस फोनवर मिळाला तर घ्या.

शिवाजीनगरी

मी इतकीही सूट देणार नाही. कोंबडीच्या कुठल्या खाद्यात कुठलं औषध जातं आणि ते किती मागे राहतं हे फोनवर कळत नाही, आणि समोर १.४ किलोचं पिल्लू आहे. वेगळ्या लाइनवर बनणारं लसूणघासाचं पिल्लांचं पेलेट मिळेपर्यंत नरालाही अ द्या आणि जोडीला मूठभर वाळलं लसूणघास. प्रोटीन आणि कॅल्शियम त्यातून भरून निघतं. आर.एल. ८८ हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण आपल्या भागात बराच लावतात, तो सावलीत वाळवलेला मिळाला तर पानं गळत नाहीत. सहा महिन्यांचा झाला की लसूणघास बंद करायचं, खाद्य बदलायची कटकटच नाही.

बदल असा करा. पहिले दोन-तीन दिवस काही बदलू नका, आत्ता दिवसाला किती ग्रॅम संपतं ते फक्त मोजा. समजा मादी ९० ग्रॅम खाते. जुनंच खाद्य रोज ५-५ ग्रॅमने कमी करत ४५ वर आणा आणि गवताचे ढीग दोन-तीन जागी ठेवा, एक शू करायच्या ट्रेच्या कडेला. तिथे बसून ससे हमखास चघळतात. ४५ वर स्थिर झाली की मिसळायला सुरुवात. तीन दिवस ३५ जुनं, १० नवं. पुढचे तीन दिवस २५ आणि २०. मग चार दिवस १२ आणि ३३. त्यानंतर पूर्ण नवं. नराचं प्रमाण न घटवता याच हिशेबाने फक्त मिसळत जा. जुनं खाद्य कुबट लागत असेल तर मात्र ते आजच बंद करा, गवतावर ठेवा आणि नवं १० ग्रॅमपासून चढवा.

रोज लेंड्या बघा. मोठ्या, गोल, गवताळ, फोडल्यावर तंतू दिसणाऱ्या हव्यात. आकार लहान झाला किंवा संख्या घटली तर एक पायरी मागे या. द्राक्षाच्या घडासारख्या चकचकीत मऊ लेंड्या पडून राहिल्या तर पेलेट निम्मं करा, गवत वाढवा. त्या मऊ लेंड्या सशाने थेट तोंडाने घ्यायच्या असतात, त्या जुलाब नव्हेत. पाण्यासारखं पातळ झालं तर ते जुलाब, आणि ते तातडीचं. दर रविवारी वजन, त्याच काट्यावर, त्याच वेळी. मादीचं वजन आठवड्यात ५० ग्रॅमच्या आसपास उतरलं तर हरकत नाही. १०० ग्रॅमहून जास्त उतरलं तर कपात थांबवा आणि डॉक्टरांकडे दात तपासून घ्या, कारण दाढेचा काटा जिभेला लागत असेल तर ससा गवत सोडतो आणि मऊ तेवढंच खातो.

पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा. गवत वाढलं की पाणीही जास्त लागतं, आणि बाटलीच्या नळीतून ते पुरेसं येत नाही.

हडपसरची माई

लसूणघास घरी वाळवणार असाल तर गच्चीवर भर उन्हात नको. आडवी दोरी बांधून बारीक जुड्या उलट्या टांगा, खाली जुनी चादर. काडी वाकवल्यावर कटकन मोडली की झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर हा उद्योग करू नका, बाहेरून वाळलेलं दिसतं आणि आत गाठीशी बुरशी.